दाराला कुलूप, राऊटर मात्र सताड उघडा

खास प्रतिनिधी

राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयात महिला रुग्णांच्या तपासणीचे चित्रण फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबवर झळकले आणि टेलिग्रामवरील गटांतून अशा चित्रफितींची राजरोस विक्री चालू असल्याचे उघड झाले. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने हाती घेतलेल्या तपासाचे धागेदोरे गुजरातच्या सीमेबाहेर पोहोचले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील लातूर व सांगली येथील व्यक्तींचाही समावेश होता. या प्रकरणाचा सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील नंतरच्या बातम्यांतून पुढे आला. रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांना ‘अॅडमिन१२३’ या धर्तीचा, कारखान्यातूनच येणारा पासवर्ड होता. कोणी भिंत फोडली नाही, कोणी कुलूप तोडले नाही. दार उघडेच होते आणि ते उघडे असल्याचे मालकाच्या गावीही नव्हते.

हा प्रश्न एका रुग्णालयापुरता मर्यादित नाही. गेल्या दहा वर्षांत शहरी मध्यमवर्गीय घराचे स्वरूप पालटले आहे. दिवाणखान्यात कॅमेरा, दाराशी चित्र दाखविणारी घंटा, कपाटावर कुटुंबाची छायाचित्रे साठविणारी पेटी, अभ्यासिकेत कार्यालयाच्या फायली ठेवलेला संगणक. मुले परदेशी आणि आईवडील पुण्यात, किंवा नोकरी मुंबईत आणि घर कोकणात बंद, अशा कुटुंबांना हे सारे दुरून पाहता यावेसे वाटले तर त्यात नवल नाही. खिशातल्या मोबाइलवरून घराच्या जाळ्यात शिरता आले पाहिजे, ही आता चैन राहिलेली नसून अनेकांची गरज बनली आहे. ही गरज भागविण्याचे मार्ग मात्र एकाच पातळीचे नाहीत. कोणता मार्ग सुरक्षित आणि कोणता घातक, हे सांगण्याची जबाबदारी कॅमेरा बसवून देणारा, इंटरनेट पुरविणारा आणि सरकार यांपैकी कोणीही पुरेशी घेतलेली नाही.

जाळ्याला भोक पाडण्याची सवय

घरातील इंटरनेटची रचना मुळात बऱ्यापैकी बंदिस्त असते. कंपनीने दिलेला राऊटर बाहेरच्या जगाला एकच पत्ता दाखवितो. आत मोबाइल, टीव्ही, कॅमेरा यांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते मिळतात. आतून बाहेर गेलेल्या मागणीचे उत्तर राऊटर बरोबर त्या त्या उपकरणाला पोहोचवितो. बाहेरून आगंतुक आलेला निरोप मात्र कोणाला द्यायचा हे त्याला ठाऊक नसल्याने तो टाकून देतो. सोसायटीच्या फाटकावरील रखवालदाराने अनोळखी माणसाला परत पाठवावे, तसाच हा प्रकार.

अडचण तेव्हा येते, जेव्हा घरमालकालाच बाहेरून आत यायचे असते. कॅमेरा बसवून देणारा तंत्रज्ञ यावर वर्षानुवर्षे एकच तोडगा काढीत आला. राऊटरमध्ये जाऊन एक ‘पोर्ट’ उघडायचा आणि त्यावर येणारी प्रत्येक मागणी थेट कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरकडे वळवायची. अनेक उपकरणे तर ‘यूपीएनपी’ नावाच्या सोयीचा फायदा घेऊन मालकाला न विचारताच स्वतःसाठी असे दार उघडून घेतात. काम होते, ग्राहक खूश होतो, तंत्रज्ञ पैसे घेऊन निघून जातो. रखवालदाराला मात्र कायमचा आदेश मिळालेला असतो, की या दारातून येणाऱ्या कोणालाही अडवू नकोस.

इंटरनेट अफाट असल्याने आपले एवढेसे दार कोणाला दिसणार, हा समज भाबडा आहे. ‘शोडान’ नावाचे शोधयंत्र २००९ पासून जगभरातील उघड्या उपकरणांची नोंद ठेवीत आहे आणि ते केवळ अभ्यासकच वापरतात असे नाही. जगातील सगळे जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एकेक करून ठोठावून पाहणे हे आजच्या यंत्रांना काही तासांचे, किंबहुना त्याहूनही कमी वेळाचे काम आहे. उघडलेला पोर्ट सापडतो तो कोणी तुमच्या मागावर आहे म्हणून नव्हे. सारेच ठोठावले जातात, म्हणून तुमचाही ठोठावला जातो.

याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून कॅमेरे, रेकॉर्डर व राऊटर यांची फौज उभी केली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला ‘डिन’ या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास कोलमडल्या. हल्ला करणारी यंत्रे कोणा शत्रुराष्ट्राची नव्हती, ती सामान्यांच्या घरांतील होती. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील तीन तरुणांनी ही प्रणाली तयार केल्याची कबुली न्यायालयात दिली.

घरगुती साठवण-पेट्यांची कथा तर अधिक जिव्हारी लागणारी आहे. एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ने आणि जानेवारी २०२२ पासून ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅप या कंपनीच्या, थेट इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या पेट्यांतील फायली कुलूपबंद केल्या. किल्लीसाठी पहिल्याने ०.०१, तर दुसऱ्याने ०.०३ बिटकॉइन मागितले. खंडणीची रक्कम मुद्दामच सामान्य माणसाला ‘परवडेल’ इतकी ठेवलेली होती. हा उद्योग बड्या कंपन्यांना लुटण्याचा नसून मुलांच्या बारशाची आणि आजोबांच्या पंचाहत्तरीची छायाचित्रे ओलीस ठेवण्याचा होता. त्यावर कंपनीनेच ग्राहकांना सल्ला दिला, की राऊटरमधील पोर्ट बंद करा, यूपीएनपी बंद करा. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या पेट्यांतील माहिती अनेकांच्या बाबतीत एका रात्रीत पुसली गेली. त्या उपकरणासाठी कंपनीने शेवटची सुधारणा २०१५ मध्ये दिली होती. सहा वर्षे ज्याच्या कुलपाची कोणी डागडुजी केली नाही, ते उपकरण निमूटपणे जगाला तोंड देत उभे होते.

कंपनीच्या ओसरीवरचे घर

पोर्ट उघडण्याची कटकट नको म्हणून दुसरा मार्ग पुढे आला आणि आज तोच सर्वाधिक चालतो. कॅमेरा घरातून स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडून घेतो. मोबाइलमधील अॅपही त्याच सर्व्हरला जोडले जाते. दोघांची गाठ तेथे पडते. खोक्यावरील चौकोनी संकेतचिन्ह मोबाइलने टिपले की काम झाले. राऊटरला हात लावावा लागत नाही. बाहेरून आत येणारे दारही उघडे राहत नाही. या अर्थाने हा मार्ग पहिल्यापेक्षा निश्चितच बरा आहे.

परंतु यात घराचे चित्र घराबाहेर जाते आणि तिसऱ्याच्या ओसरीवरून परत येते. त्या तिसऱ्यावर किती विश्वास टाकावा? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये ‘रिंग’ या अॅमेझॉनच्या मालकीच्या कंपनीविरुद्धच्या तक्रारीत म्हटले, की एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये कित्येक महिने किमान ८१ महिला ग्राहकांच्या कॅमेऱ्यांतील हजारो चित्रफिती पाहिल्या. हे प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटले. मार्च २०२१ मध्ये ‘वर्काडा’ या कंपनीच्या एका सर्वाधिकारी खात्याचा तपशील हॅकरांच्या हाती लागला आणि रुग्णालये, तुरुंग, कारखाने यांतील सुमारे दीड लाख कॅमेरे एका फटक्यात उघडे पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘वाइझ’ या कंपनीच्या यंत्रणेतील गोंधळामुळे सुमारे १३ हजार ग्राहकांना आपल्या अॅपमध्ये दुसऱ्यांच्याच कॅमेऱ्यांतील चित्रे दिसली.

या तिन्ही घटनांत ग्राहकाची चूक काय होती? काहीच नाही. पासवर्ड कितीही कठीण ठेवला असता तरी फरक पडला नसता. पहिल्या मार्गात धोका तुमच्या निष्काळजीपणाचा असतो, दुसऱ्यात तो दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचा असतो. आणि दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर आपला काहीही इलाज चालत नाही.

स्वतःचे भुयार

तिसरा मार्ग आहे तो स्वतःच्या ‘व्हीपीएन’चा. या शब्दाने आपल्याकडे बराच घोळ घातला आहे. जाहिरातींतून दिसणारे व्हीपीएन म्हणजे आपली ओळख झाकून दुसऱ्या देशातून इंटरनेट वापरण्याची विकत घेतलेली सोय. येथे अभिप्रेत असलेले व्हीपीएन त्याच्या नेमके उलट दिशेचे आहे. त्याचे दुसरे टोक परदेशातील अनोळखी सर्व्हरवर नसून आपल्याच घरात असते. मोबाइल आणि घर यांच्यामध्ये एक कूटबद्ध भुयार खणले जाते आणि त्यातून मोबाइल जणू घरातच असल्यासारखा वावरतो. कॅमेरा, साठवण-पेटी, संगणक यांपैकी काहीही बाहेर उघडे ठेवावे लागत नाही. दार एकच, तेही भुयाराचे.

या क्षेत्रातील जुनी साधने अवजड होती. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने आलेल्या ‘पीपीटीपी’तील त्रुटी १९९८ मध्येच जाणकारांनी दाखविल्या होत्या आणि अॅपलने २०१६ मध्ये ती पद्धत आपल्या आयफोनमधून काढून टाकली. काही राऊटरांच्या यादीत ती अजूनही दिसते. तिच्या वाटेला जाऊ नये. २००१ मध्ये आलेले ‘ओपनव्हीपीएन’ आजही विश्वासार्ह आहे, पण त्याची मांडणी करणे हे सामान्यांच्या आवाक्यातले काम नव्हते. चित्र पालटले ते ‘वायरगार्ड’मुळे. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेली ही प्रणाली अवघ्या चारेक हजार ओळींची आहे. इतक्या कमी ओळी एका माणसाला वाचून तपासता येतात, हेच तिचे मोठे बळ. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१८ मध्ये तिची जाहीर वाखाणणी केली आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत ती गाभ्याचाच भाग झाली.

तिची पद्धत समजण्यास कठीण नाही. येथे पासवर्ड नसतोच. घरातील यंत्र आणि मोबाइल प्रत्येकी किल्ल्यांची एकेक जोडी तयार करतात. एक किल्ली खासगी, ती त्या उपकरणाबाहेर जाता कामा नये. दुसरी जाहीर, ती समोरच्याला द्यायची. प्रत्येक किल्ली ४४ अक्षरांची असल्याने अंदाज बांधून ती ओळखणे व्यवहारात अशक्य. घरातील यंत्राच्या यादीत ज्या मोबाइलची जाहीर किल्ली आहे, त्यालाच प्रवेश. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अनोळखी निरोपाला ही प्रणाली ‘नाही’ असेही उत्तर देत नाही, ती गप्प राहते. सगळ्या जगाची दारे ठोठावत फिरणाऱ्या यंत्राला येथे दार आहे हेच कळत नाही. ‘अॅडमिन१२३’च्या युगात हा फरक लहान नव्हे.

यासाठी खर्चही बेताचाच येतो. काही राऊटरांमध्ये ही सोय अंगचीच असते. नसल्यास रास्पबेरी पाय यांसारखा तळहाताएवढा संगणक किंवा घरातील कायम चालू राहणारी साठवण-पेटी पुरते. तेथे प्रणाली बसवायची, मोबाइलसाठी नोंद तयार करायची आणि पडद्यावर उमटलेले चौकोनी संकेतचिन्ह मोबाइलमधील अॅपने टिपायचे. केवळ घरच्या जाळ्याचाच व्यवहार भुयारातून जावा आणि बाकीचे इंटरनेट नेहमीच्या वाटेने चालावे, अशी विभागणीही करता येते. त्यामुळे बॅटरी व वेग दोन्ही वाचतात. हॉटेल अथवा विमानतळावरील मोफत वाय-फाय वापरताना मात्र सगळाच व्यवहार घरच्या भुयारातून नेणे श्रेयस्कर.

दोन व्यावहारिक खाचखळगे येथे नोंदविले पाहिजेत. बहुतेक घरांतील पत्ते १९२.१६८.०. किंवा १९२.१६८.१. ने सुरू होतात आणि हॉटेलांतलेही तसेच. दोन्हीकडे एकच पत्ते असले की मोबाइल गोंधळतो, भुयार जोडलेले दिसते आणि घर मात्र सापडत नाही. घरच्या पत्त्यांतील तिसरा आकडा बदलून, उदाहरणार्थ ७३, ठेवला की हा प्रश्न संपतो. दुसरे म्हणजे वीज. दुपारी तासभर वीज गेली आणि परत आल्यावर ते छोटे यंत्र आपणहून सुरू झाले नाही, तर परगावी बसलेल्या माणसाला काहीही करता येत नाही. राऊटर व ते यंत्र इन्व्हर्टरवर घेणे आणि वीज आल्यावर सारे आपोआप पूर्ववत होते की नाही हे घरी असतानाच तपासणे, हाच त्यावरील उपाय.

पत्त्याचा दुष्काळ

इतके सोपे आहे, तर मग सारेच हा मार्ग का अवलंबित नाहीत? याचे एक मोठे उत्तर तंत्रात नसून पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटचे जुने पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. भारतात इंटरनेटचा खरा स्फोट झाला तो त्यानंतर. पंगतीला उशिरा बसणाऱ्याच्या पानात जे पडते तेच आपल्या पदरात पडले. म्हणून सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी एकेका पत्त्यामागे अनेक घरे कोंबली. या व्यवस्थेला ‘कॅरियर ग्रेड नॅट’ म्हणतात आणि तिच्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे सुमारे ४२ लाख पत्ते राखून ठेवण्यात आले.

याचा घरमालकाच्या दृष्टीने अर्थ असा, की सोसायटीच्या फाटकाबाहेर आणखी एक फाटक आहे आणि त्याचा रखवालदार तुमच्या हुकमतीखाली नाही. राऊटरमध्ये कितीही फेरफार केले तरी बाहेरचा निरोप तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. आपण या व्यवस्थेत आहोत का, हे ओळखणे सोपे आहे. राऊटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि ‘माझा पत्ता कोणता’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही निराळे असतील, तर बहुधा मध्ये दुसरे फाटक आहे. कंपनीच्या पेटीमागे स्वतःचा दुसरा राऊटर जोडला असेल, तर आधी तोही हिशेब लक्षात घ्यावा.

येथे विश्लेषणाचा खरा मुद्दा येतो. पत्त्यांच्या टंचाईमुळे भारतीय ग्राहक नकळत दुसऱ्या मार्गाकडे, म्हणजे कंपनीच्या ओसरीकडे ढकलला जातो. ज्याला स्वतःचे भुयार खणायचे आहे, त्याच्यापाशी भुयाराचे तोंड उघडण्याइतकी जमीनच नाही. खासगीपणा ही येथे केवळ जागरूकतेची बाब उरत नाही. ज्याला दरमहा जादा पैसे मोजून स्थिर पत्ता विकत घेता येतो, त्याचा खासगीपणा अधिक; बाकीच्यांनी तिसऱ्यावर विसंबून राहावे, अशी ही विभागणी आहे.

सुदैवाने वाटा पूर्ण बंद नाहीत. पहिली वाट म्हणजे स्थिर किंवा निदान खरा सार्वजनिक पत्ता सेवादात्याकडून मागून घेणे. पत्ता बदलता असला तरी ‘डायनॅमिक डीएनएस’ ही सोय बदलत्या पत्त्याला एक कायमचे नाव देते. दुसरी वाट नव्या पिढीच्या पत्त्यांची, म्हणजे ‘आयपीव्ही६’ची. या बाबतीत भारत जगात आघाडीवर आहे. गूगलच्या मोजणीनुसार येथील दोनतृतीयांशाहून अधिक वापर या पत्त्यांवरून होतो. घर आणि मोबाइल दोन्हीकडे ही सोय असेल, तर मधले फाटक टळते. मात्र येथे प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र जागतिक पत्ता मिळत असल्याने राऊटरची संरक्षक भिंत चालू ठेवून फक्त भुयाराचेच तोंड मोकळे करण्याची दक्षता अत्यावश्यक ठरते.

तिसरी वाट मध्यस्थाची. २०१९ मध्ये कॅनडात सुरू झालेली ‘टेलस्केल’ ही सेवा वायरगार्डचाच पाया वापरते. घर आणि मोबाइल दोघेही आतून बाहेर येऊन मध्यस्थाला भेटतात, तो त्यांची ओळख करून देतो आणि शक्य असेल तेथे दोघांत थेट भुयार जुळते. थेट जुळले नाही, तर वाहतूक मध्यस्थाच्या यंत्रांवरून जाते, पण तीही कूटबद्धच. मध्यस्थाला आतले चित्र दिसत नाही. कॅमेरा कंपनीच्या ओसरीपेक्षा हा मोठा फरक. तथापि कोणाला ओळखीचे म्हणायचे ही यादी त्याच्याकडे असते, म्हणून ज्या खात्याने तेथे प्रवेश करतो त्याला दुहेरी पडताळणी हवीच. ज्यांना हेही मान्य नाही, त्यांच्यासाठी चौथी वाट आहे. भाड्याने छोटा सर्व्हर घेऊन भुयाराचा मधला सांधा आपल्याच ताब्यात ठेवायचा. यात श्रम अधिक आणि सर्व्हरची देखभालही आपल्याच गळ्यात.

कायदा कोठे आहे?

व्हीपीएन म्हटले की कायद्याची शंका येते. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक झाले. त्यावरून अनेक परदेशी कंपन्यांनी आपले भारतातील सर्व्हर हलविले. हे बंधन सर्वसामान्यांना सेवा पुरविणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या घरापर्यंत स्वतःच खणलेले भुयार हा सेवा विकण्याचा व्यवसाय नव्हे. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत मात्र २०२५ मध्ये जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी व्हीपीएन वापरावर काही काळापुरती बंदी घातली होती. प्रवासात अशा स्थानिक आदेशांचे भान ठेवावे लागेल.

उपकरणांच्या बाजूने सरकारने एक ठोस पाऊल टाकले आहे. एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या कसोट्या लागू करण्यात आल्या आणि मुदतवाढीनंतर ९ एप्रिल २०२५ पासून त्यांचा अंमल सुरू झाला. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देण्यास कायद्याने मनाई केली. युरोपीय संघाच्या सायबर प्रतिरोध कायद्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील आणि त्यात उपकरण विकल्यानंतरही सुरक्षा-सुधारणा देत राहण्याची जबाबदारी उत्पादकावर येईल.

पण हे नियम नव्या मालासाठी आहेत. भिंतीवर आधीच टांगलेल्या कॅमेऱ्यांचे काय? सोसायटीच्या रखवालदाराच्या खोलीत धूळ खात पडलेल्या रेकॉर्डरचा पासवर्ड कोणी बदलायचा? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अनधिकृत प्रवेशाला आणि ६६-ई खासगी चित्रणाच्या गैरवापराला तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद करते. दोन्ही कलमे गुन्हा घडल्यानंतर कामी येतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने तर व्यक्तीने घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती आपल्या कक्षेबाहेरच ठेवली आहे. म्हणजे घरकामाला येणारी बाई, भाडेकरू किंवा घरातीलच वृद्ध माता यांच्यावर दुरून रोखलेल्या डोळ्याबाबत मर्यादा पाळण्याचे काम पुष्कळसे घरमालकाच्या विवेकावर सोडलेले आहे. दुरून घरात शिरण्याची सोय जितकी सुरक्षित, तितकीच तिची किल्ली कोणाकोणाच्या हाती द्यायची हा निर्णय जबाबदारीचा ठरतो.

मोबाइल हीच किल्ली

भुयार कितीही भक्कम असले तरी त्याची किल्ली मोबाइलमध्ये असते आणि मोबाइल लोकलच्या गर्दीत हरवतो, रिक्षात विसरतो, दुरुस्तीला दिला जातो. म्हणून प्रत्येक मोबाइलला स्वतंत्र किल्ली द्यावी, एकच नोंद साऱ्या कुटुंबात वाटू नये. मोबाइल गेल्यास घरच्या यंत्रातून तेवढी एकच नोंद काढून टाकली की तो मोबाइल परका होतो आणि इतरांचे काम अडत नाही. मोबाइल विकताना वा बदलतानाही हेच करावे.

घरोघरी करण्याजोग्या गोष्टी मोजक्या आहेत. राऊटर, कॅमेरा व रेकॉर्डर यांचे मूळ पासवर्ड आजच बदलावेत. राऊटरमधील उघड्या पोर्टांची यादी पाहून अनोळखी नोंदी काढाव्यात, यूपीएनपी बंद करावे आणि राऊटरचे पान इंटरनेटवरून उघडण्याची सोय असल्यास तीही बंद करावी. उपकरणांना उत्पादकाकडून सुधारणा मिळतात का हे पाहावे. त्या बंद झाल्या असतील, तर ते उपकरण बाहेरच्या जाळ्यापासून तोडावे. कॅमेरे शक्य तर पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर ठेवावेत आणि शयनगृहाकडे रोखू नयेत. कंपनीचे अॅप वापरायचेच असेल, तर त्याला दुहेरी पडताळणी लावावी. छायाचित्रांची एक प्रत जाळ्याला न जोडलेल्या डिस्कवर असावी. भुयार तयार झाल्यावर घरचे वाय-फाय बंद करून, मोबाइलच्या इंटरनेटवरून ते एकदा तपासावे. संसर्ग झालेली यंत्रे स्वच्छ करण्याची साधने सर्ट-इनच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर मोफत मिळतात आणि आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० हा क्रमांक आहे.

या साऱ्यात नागरिकाचा वाटा आहेच, पण तो सगळाच नागरिकावर ढकलून चालणार नाही. नवा राऊटर घरी आला की त्याचा पासवर्ड बदलून घेतल्याशिवाय तो सुरूच होऊ नये, एवढी अट घालणे अशक्य नाही. बाहेरचा पत्ता सामायिक आहे की स्वतंत्र, हे जोडणी देतानाच लेखी सांगणे सेवादात्याला जड नाही. कॅमेरा बसविणाऱ्याने पोर्ट उघडला असेल, तर पावतीवर तशी नोंद करणे हेही फार मोठे काम नव्हे. घर बांधताना दाराची चौकट कोठे बसवायची हे आपण गवंड्यावर सोडत नाही. घराचे दुसरे, न दिसणारे दार मात्र आज दुसऱ्यांच्याच मर्जीने बसविले जात आहे. राजकोटच्या रुग्णालयातील महिलांना आपल्या खोलीला असे दार आहे हे कोणी सांगितलेच नव्हते. निदान आपल्या घरातील माणसांवर ती वेळ येऊ नये, इतकी काळजी घेणे आपल्या हाती आहे.